सीसाउंडसाठी लिंटर: एरर पकडतो, पण शांतता नाही

लिंटर-सीसाउंड, म्हणजे सीसाउंड या कोड लिहून आवाज बनवायच्या भाषेतल्या चुका एडिटरमध्येच दाखवणारं पॅकेज, कामाचा आहे हे आधीच सांगून टाकतो, पण कशासाठी ते नीट कळलं पाहिजे नाहीतर नंतर वैतागाल. सीसाउंड 1986 पासूनचं, एमआयटीत बॅरी व्हर्को यांनी बनवलेलं, त्यामुळे स्वभावही जुन्या वळणाचा. रन केलं की टर्मिनलवर मेसेजची रांग लागते आणि खरी एरर त्यातच कुठेतरी दडून बसते. लिंटर तीच एरर उचलून एडिटरमध्ये त्या ओळीवर लाल करून दाखवतो, बस्स. स्वतःचं डोकं लावत नाही, सीसाउंडच्याच पार्सरला (कोड वाचून त्याची रचना तपासणाऱ्या भागाला) विचारतो, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो.

सगळ्यात जास्त फायदा होतो तो आय, के, ए च्या भानगडीत. व्हेरिएबलचं पहिलं अक्षरच ठरवतं की व्हॅल्यू नोट सुरू होताना एकदाच मोजायची, कंट्रोल रेटला (काही सॅम्पलमागे एकदा) का दर सॅम्पलला. आता लाइनसेगला (टप्प्याटप्प्याने बदलणारी व्हॅल्यू देणारा ऑपकोड, म्हणजे सीसाउंडची तयार कमांड) वेळ म्हणून के व्हेरिएबल दिलं तर सीसाउंड चालवूनच घेत नाही, मॅचिंग आर्ग्युमेंट टाइप्सचा ऑपकोड सापडत नाही म्हणतो, आणि हे प्ले करायच्या आधी दिसणं म्हणजे सुख आहे हो. इन्स्ट्रुमेंट बंद करणारं एंडिन विसरलात तर मात्र बोंब होते खालच्या इन्स्ट्रपाशी, म्हणजे पुढचं इन्स्ट्रुमेंट सुरू होतं त्या ओळीपाशी, तिथे शोधत बसू नका, वर बघा.

आता जे पकडत नाही ते. झीरो डीबीएफएस, म्हणजे आवाजाची कमाल पातळी किती धरायची तो आकडा, 1 ठेवायचं राहिलं तर डिफॉल्ट 32768 धरलं जातं, मग 0.3 अ‍ॅम्प्लिट्यूड म्हणजे जवळजवळ काहीच नाही. प्लक हा तारेच्या आवाजाचा ऑपकोड वापरून तानपुऱ्यासारखी तार छेडली, सगळं हिरवंगार, आवाज शून्य. सिंटॅक्स बरोबरच आहे ना, लिंटर तरी काय करणार बिचारा!

मोठी अडचण वेगळीच. हे अ‍ॅटम या कोड एडिटरचं पॅकेज, आणि अ‍ॅटम गिटहबने 15 डिसेंबर 2022 ला गुंडाळलं. त्यामुळे आज नव्याने सुरू करणाऱ्याला मी हे घ्या म्हणणार नाही. सीसाउंडमध्येच सिंटॅक्स-चेक-ओन्ली नावाचा ऑप्शन आहे, तो ऑर्केस्ट्रा (इन्स्ट्रुमेंटचा कोड) आणि स्कोअर (कोणती नोट कधी वाजवायची ती यादी) तपासतो आणि आवाज न काढता बाहेर पडतो. तुमच्या एडिटरमध्ये फाइल सेव्ह झाली की ही कमांड चालेल एवढं जोडून घ्या. लाल रेघा येणार नाहीत, पण मेसेज तोच.