जुने हेड, जुना ब्लॉक आणि होटगी रस्त्यावरचे वर्कशॉप

माझ्या प्रीमियर पद्मिनी मोटारीसाठी घेतलेले इंजिनाचे जुने ब्लॉक (सिलिंडरांचा ओतीव सांगाडा) आणि हेड (त्यावर बसणारे झाकण) तपासून घेण्यासाठी मी सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या एका इंजिन वर्कशॉपमध्ये गेलो होतो. ‘एकदाही न उघडलेले, स्टँडर्ड बोअरचे’ असे सांगून विक्रेत्याने ते माझ्या गळ्यात मारले होते, आणि डायल गेजने मोजल्यावर बोअर (सिलिंडराचा आतला व्यास) खरोखरच ६८ मिलिमीटर, म्हणजे १०८९ सीसीच्या या इंजिनाच्या मूळ मापाचे भरले. मी खूश झालो, मिस्त्री झाले नाहीत. त्यांनी बोअरचा वरचा काठ पॉलिशपेपरने घासून माझ्या हाती भिंग दिले, तेव्हा चारही सिलिंडरांच्या तोंडाशी केसाएवढी गोल रेघ दिसली. झिजलेले बोअर पूर्वी कधीतरी मोठे करून त्यांत लाइनर (आतून बसवायच्या नळ्या) ठोकले होते आणि ते पुन्हा मूळ मापाला आणले होते. लाइनर हा दोष नव्हे, असे मिस्त्रींनीच बजावले. पैसे मात्र मी ‘ओरिजिनल’चे मोजले होते.

हेडच्या बाजूची जी रेघ मला तडा वाटत होती, ती साच्याचे दोन भाग जुळतात तिथली निघाली. ती बोटाला उंचवट्यासारखी लागते, तडा तसा लागत नाही. हेड ॲल्युमिनियमचे असल्यामुळे बीडाच्या ब्लॉकला चालणारी चुंबकीय चाचणी इथे निरुपयोगी होती, म्हणून त्यांनी फटींत शिरणारा लाल डाय लावून पुसला आणि त्यावर, आत उरलेला रंग बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर फवारला. व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या दोन सीटांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर लाल रेघ उमटली, तो खरा तडा. पाण्याच्या मार्गाशेजारी गोल ठिपके आले, ते ओतताना वायू अडकून राहिलेले ब्लोहोल. गरम पाण्यात बुडवून हवेचा दाब देताच त्यांपैकी एकातून बुडबुडे निघाले. जवळच बोटभर जागा संशयास्पद गुळगुळीत होती, कारण तिथे वेल्डिंग भरून घासल्यामुळे ओतकामाची मूळ खरखर गेली होती.

इंजिनाचे कॅमशाफ्ट ओतणारा प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारखा कारखाना ज्या गावात आहे, तिथे ओतकामाची अशी नजर सापडावी, यात नवल नाही. तक्रार एवढीच की सगळे तोंडी सांगितले जाते. लेखी अहवाल आणि छायाचित्रे मिळाली असती, तर विक्रेत्याशी बोलताना माझी बाजू भक्कम झाली असती. शिवाय दिलेली वेळ पाळली जात नाही, मला तीन खेपा घालाव्या लागल्या.

हेडवर काम करण्यास त्यांनी स्वच्छ नकार देऊन फक्त तपासणीचे पैसे घेतले. ब्लॉक मी होनिंगसाठी (बोअर आतून बारीक घासून घेण्यासाठी) त्यांच्याकडेच ठेवला आहे.