मोगरा कुठे ठेवायचा: हॉलमध्ये, गॅलरीत की अंगणात?

नर्सरीतून आणलेला मोगरा पहिला आठवडा घर दरवळून टाकतो आणि मग महिनोन्‌महिने नुसती पानं. त्या कळ्या त्याने नर्सरीच्या उन्हात धरलेल्या असतात, आपल्या घराचं त्यात काही कर्तृत्व नसतं. म्हणून खत-मातीच्या आधी ऊन बघा. रोज पाच-सहा तास थेट ऊन जिथे पडतं, ती मोगऱ्याची जागा.

माझी कुंडी दोन वर्षं पुण्यात हॉलच्या दक्षिणेकडच्या खिडकीत होती. डिसेंबरात ऊन पार सोफ्यापर्यंत यायचं, म्हणून जागा झकास वाटली. पण बहर मार्च ते जून. तेव्हा आपल्याकडे सूर्य डोक्यावर जातो आणि ऊन छज्जावरच अडतं. फांद्या लांब, लुळ्या, पेरांमधलं अंतर वाढलेलं. पानं मात्र हिरवीगार, त्यामुळे झाड मजेत आहे असंच वाटत राहिलं. दोन वर्षांत फुलं मोजून अकरा. तीच कुंडी पश्चिमेच्या गॅलरीत, ग्रिलला टेकवून ठेवली, फेब्रुवारीत निम्मी छाटली, आणि एप्रिलात रोज ओंजळ भरायला लागली. हॉलमध्ये मोगरा जगतो, फुलत नाही, हे माझं मत तेव्हापासूनचं.

गॅलरी आणि अंगण यांत मात्र खरी चुरस आहे. कुंडीत पाणी आपल्या हातात असतं. डिसेंबरअखेरीपासून दोन-तीन आठवडे पाणी कमी करून ताण द्यायचा, जानेवारी संपताना किंवा फेब्रुवारीत छाटायचं, वरची माती उकरून शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालायची, मग पाणी सुरू. कळ्या नव्या फुटीवरच येतात, त्यामुळे छाटायला हात कचरला की बहर गेलाच. बारा इंची कुंडी हवी. पण मे महिन्यात ती रोज पाणी मागते, कधी दोनदा. गावाला चार दिवस गेलात तर शेजाऱ्यांना किल्ली द्यावी लागणार.

जमिनीतलं झाड चार दिवस सहज काढतं आणि फुलंही जास्त देतं. अडचण पावसाळ्यात, मुळाशी पाणी साचलं की पानं पिवळी पडतात. कोकणात तर वाफा उंचच करावा. जाई-जुई हव्या असतील तर अंगणच बरं. त्यांना मांडव लागतो, आणि ग्रिलवर चढवलेली जुई वरच्या मजल्याच्या दोरीवरचे कपडे गाठते. (रातराणी या कुळातली नाहीच, ती वांगी-मिरचीची भावकी.)

कीड दोन्हीकडे येते. कळीला बारीक भोक आणि जांभळट रंग दिसला की आत अळी आहे समजा. ती कळी तोडून थेट कचऱ्यात, कुंडीत टाकू नका. भिंतीलगतच्या कोरड्या गॅलरीत लाल कोळी (पानांचा रस शोषणारी अगदी बारीक कीड) जास्त. पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारला की बराच आटोक्यात राहतो.

न्यू जर्सीसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांचा हिशेब वेगळा. रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली उतरायच्या आत कुंडी घरात घ्यावीच लागते. तिथे मात्र दक्षिणेची खिडकीच कामाची. हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी पसरतो, तेव्हा पानं उलटून बघत राहा. पाणी बेताचं, खत बंद, आणि मे महिन्यात परत बाहेर.

राहिला प्रश्न घरातल्या वासाचा, ज्यासाठी बहुतेकांना कुंडी हॉलमध्येच हवी असते. संध्याकाळी ज्या कळ्या टपोऱ्या, दुधाळ पांढऱ्या दिसतात, त्या तोडून बशीत थोड्या पाण्यावर ठेवा. जेवणं उरकेपर्यंत त्या टेबलावर उमलतात.