पैलवानाचा जोर एका कागदावर : मंगळवार पेठेतील एका स्टुडिओची सेवा

कोल्हापुरात मंगळवार पेठेतील एका छोट्या फोटो स्टुडिओने तालमीतल्या मुलांसाठी व्यायामाची आणि डावांची ‘हालचाल-पत्रके’, म्हणजे एका हालचालीचे सगळे टप्पे एकाच कागदावर दाखवणारी छायाचित्रे, काढून द्यायला सुरुवात केली आहे. लग्नाच्या अल्बमवर चालणाऱ्या धंद्यात हा उद्योग करणे धाडसाचेच आहे. मात्र भाच्यासाठी बाराशे रुपये मोजून घेतलेल्या दोन पत्रकांपैकी खऱ्या उपयोगाचे एकच निघाले.

पहिले पत्रक मायब्रिजच्या पद्धतीचे आहे. छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजने १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात धावपट्टीलगत बारा कॅमेरे ओळीने मांडून, दौडणाऱ्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटलेले असतात हे दाखवून दिले आणि १८८७ मध्ये माणसांच्या व जनावरांच्या हालचालींची ७८१ पत्रके प्रसिद्ध केली. स्टुडिओ हेच काम एका डिजिटल कॅमेऱ्यावर करतो. प्रतिस्पर्ध्याचा पट काढणारा, म्हणजे पाय धरून त्याला पाडणारा मुलगा बारा चौकटींत दिसतो आणि पत्रक तालमीच्या भिंतीवर शोभेल इतके देखणे होते. दोष असा, की बिघडलेल्या चौकटीच्या जागी दुसऱ्या प्रयत्नातली चौकट गुपचूप बसवली जाते. आमच्या पत्रकात सातव्या चौकटीत उजवा पाय एकाएकी मागे गेलेला पाहून वस्ताद म्हणाले, “ह्यो पाय हितं कसा आला?” मायब्रिजच्याही अनेक पत्रकांत सलगतेचा असाच आभास आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे, पण डाव शिकण्यासाठी पैसे मोजणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

दुसरे पत्रक मात्र मनापासून आवडले. एतिएन-ज्यूल मारे हा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ माणसाला काळा पोशाख चढवून त्याच्या हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावत असे आणि काळ्या पार्श्वभूमीसमोर, फिरत्या छिद्रित चकतीच्या साह्याने, एकाच काचेवर हालचालीचे टप्पे टिपत असे. येथे चकतीचे काम अंधाऱ्या खोलीत ठरावीक अंतराने चमकणारा दिवा करतो. भाच्याने जोर मारला, तेव्हा कागदावर शरीराऐवजी खांदा, कंबर आणि गुडघा यांच्या रेषांचा पंखा उमटला. प्रत्येक दोन रेषांमधला वेळ सारखाच असल्यामुळे रेषा दाट आहेत तिथे गती मंदावलेली आणि विरळ आहेत तिथे ती वाढलेली, हे न मोजता कळते. वर येताना कंबर खांद्याच्या मागे राहते, हे वस्तादांनी त्याच पत्रकावर बोट ठेवून दाखवले.

या पद्धतीची मर्यादा स्टुडिओने आधी सांगायला हवी होती. दोन पैलवान भिडले की रेषांचा गुंता होतो आणि कोणाचा हात कोणता, ते उरत नाही. एकाच जागी चाललेल्या हालचालीत प्रतिमा एकमेकींवर चढतात, ही अडचण मारेलाही होती आणि १८८८ पर्यंत तो प्रत्येक टप्पा वेगळा टिपणाऱ्या सरकत्या फितीकडे वळला. चलच्चित्राच्या वाटेवरचा हा मोठा टप्पा होता. (भारतात आद्य चित्रपटकार सावे दादांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये चित्रित केली तीही कुस्तीच.) स्टुडिओच्या भिंतीवर बाबूराव पेंटरांची तसबीर आहे, आणि स्वतः कॅमेरा घडवून सिनेमा काढणाऱ्या माणसाच्या गावात ती असायलाच हवी, पण ज्याच्या पद्धतीवर ही सेवा उभी आहे, त्या मारेचे नाव माहितीपत्रकात कुठेही नाही.

काळा पोशाख मोठ्यांच्या मापाचा आहे. लहान मुलांच्या अंगावर तो चुण्या पडून पट्ट्या सांध्यांवरून सरकतात, म्हणून पंधरा वर्षांखालच्या मुलांना पट्ट्या थेट अंगावर लावण्याचा आग्रह धरावा. दुसरे पत्रक सुटे घेतल्यास सातशे रुपये पडतात. ते जोर-बैठकांसाठीच घ्यावे आणि मूळ फाइल आवर्जून मागावी, कारण ती मागितल्याशिवाय मिळत नाही.