गिंबलची जॉयस्टिक: नऊ महिन्यांनंतर डेडबँडबद्दल बदललेलं मत

नऊ महिने लग्नांच्या शूटला वापरल्यावर या गिंबलबद्दल (मोटरच्या जोरावर कॅमेरा स्थिर धरणारं हँडल) तक्रार एकच. मोटर ठीक, बॅटरी ठीक, पण अंगठा बाजूला असतानाही फ्रेम हळूहळू डावीकडे सरकायला लागली. सर्व्हिस सेंटरने काही न तपासता आख्खं हँडल बदलायला सांगितलं. त्याची गरज नव्हती. स्टिकचं केंद्र जरासं ढळलं होतं आणि जॉयस्टिकचा डेडबँड (स्टिकची किती हालचाल गिंबलने मोजायचीच नाही, ती मर्यादा) फार कमी ठेवलेला होता, एवढंच.

हँडलवर पैसे घालण्याआधी हे करून बघा. कॅमेरा नीट बॅलन्स करा, गिंबल टेबलावर उभा ठेवा, लॉक मोड लावा (यात हँडल वळलं तरी कॅमेरा एकाच दिशेला बघत राहतो). ग्रिडची उभी रेघ समोरच्या खिडकीच्या कडेला जुळवा आणि दोन मिनिटं हात लावू नका. फ्रेम सरकली तर अ‍ॅपमध्ये जॉयस्टिकचा डेडबँड 5 वरून 20 वर न्या. सरकणं थांबलं, तर दोष स्टिकचा. थांबलं नाही, तर जायरोचा, म्हणजे वळणं मोजणाऱ्या सेन्सरचा. मग गिंबल अजिबात न हलवता कॅलिब्रेशन करा. मोटर ऑटो-ट्यून पुन्हा पुन्हा करून यात काही साधत नाही, त्यातून फक्त मोटरचा जोर ठरतो.

डेडबँड जितका कमी तितका कंट्रोल चांगला, असं माझं आधी ठाम मत होतं. आता नाही. डेडबँड म्हणजे स्टिक मधल्या जागेवरून किती ढकलली तरी गिंबलने दुर्लक्ष करायचं, ते माप. शून्याजवळ नेलं की अंगठा नुसता टेकला तरी फ्रेम हलते. 30 च्या पुढे नेलं की आधी काहीच होत नाही आणि मग पॅन (कॅमेरा आडवा फिरवणं) एकदम झटक्याने सुरू होतो. मी 12 ते 15 वर स्थिरावलो आहे. तुमच्या अ‍ॅपची मोजपट्टी वेगळी असेल, तर सरकणं जिथे थांबतं त्याच्या थोडंसं वर थांबा.

बहुतेकांची गल्लत होते ती अ‍ॅपमधल्या फॉलो (हँडल वळेल तसा कॅमेरा वळणं) आणि जॉयस्टिक या दोन पानांत. दोन्हीकडे स्पीड आणि डेडबँड हीच नावं दिसतात. फॉलोचा डेडबँड मनगट किती वळल्यावर कॅमेरा मागोमाग वळेल ते ठरवतो. त्याचा अंगठ्याशी काही संबंध नाही. पॅन फॉलोमध्ये स्टिक ढकलताना हातही वळला, तर दोन्ही गती मिसळतात आणि पॅन मध्येच पळतो. संथ पॅन हवा असेल तर ट्रिगर दाबून लॉकमध्ये जा आणि मगच स्टिक वापरा.

स्पीड लेन्सप्रमाणे बदलावाच लागतो. एखादी वस्तू फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला साधारण 7 सेकंद लागावेत, हा जुना नियम सेकंदाला 25 फ्रेमच्या शूटला अजून चालतो. फुल फ्रेमवर (36 मिमी रुंद सेन्सर) 24 मिमी लेन्स आडवं सुमारे 74 अंश बघते, म्हणजे सेकंदाला साधारण 10 अंश. 50 मिमीला ते साडेपाचच्या आसपास येतं, 85 मिमीला साडेतीनच्या. अ‍ॅपमधला आकडा अंशांत नसतो, म्हणून स्टिक पूर्ण ढकलून 90 अंशांचा पॅन घड्याळ लावून मोजा: 24 ला 9 सेकंद, 50 ला 16, 85 ला 26. तीन लेन्सचे तीन प्रोफाइल सेव्ह करून ठेवा.

स्मूदनेस जास्त ठेवला की अंगठा काढल्यावरही कॅमेरा पुढे घसरतो आणि वधूचा चेहरा फ्रेमच्या मध्यावरून निसटतो. मला 85 मिमीला तो कमीच लागतो. जॉयस्टिकच्या पुश मोडमध्ये एका वेळी एकच अक्ष हलेल असा पर्याय असेल, तर सरळ आडव्या पॅनसाठी तोच निवडा. तिरका अंगठा पडला तरी टिल्ट (कॅमेरा वर-खाली होणं) होत नाही.

हळदीच्या शूटनंतर बॅटरी काढून, हँडल उलटं धरून स्टिकच्या कडेने हातपंपाचा ब्लोअर मारा. स्प्रे किंवा ओलं कापड नको, भिजलेली हळद आत चिकटून बसते.