मुंबई–गोवा आणि मुंबई–दिल्ली: कुटुंबासाठी बिझनेस क्लास कधी घ्यावा, कधी नको

लोकलमध्ये असतो तसा 'फर्स्ट क्लास' आपल्या देशांतर्गत विमानात जवळपास नसतोच. पडद्यापुढच्या रुंद खुर्च्या म्हणजे बिझनेस क्लास. छोट्या विमानतळांवर उतरणाऱ्या एटीआर या पंख्यांच्या लहान विमानांत तर तोही नसतो. त्यामुळे निवड करायची वेळ येते ती मुख्यतः मोठ्या शहरांच्या मार्गांवर, आणि त्यातही मुंबई–गोवा नि मुंबई–दिल्ली यांचा हिशेब अगदी वेगळा निघतो.

आधी पैसे. सप्टेंबर २०२५पासून इकॉनॉमीच्या भाड्यावर ५ टक्के जीएसटी आहे आणि प्रीमियम इकॉनॉमी, बिझनेसवर १८ टक्के (पूर्वी १२ होता). समजा मूळ भाडं इकॉनॉमीचं ४,००० आणि बिझनेसचं १४,००० आहे. चौघांचे इकॉनॉमीत करासह १६,८०० होतात, बिझनेसमध्ये ६६,०८०. जवळजवळ पन्नास हजारांचा फरक, तोही एका बाजूचा. दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतंत्र जागा घ्यावीच लागते आणि बिझनेसमध्ये तीही मोठ्यांच्या दराच्या आसपास जाते. दोन वर्षांखालचं बाळ दोन्ही वर्गांत मांडीवरच बसतं.

आता या पैशांत मिळतं काय? मुंबई–गोवा वेळापत्रकात सव्वा तासाचा दिसतो, पण त्यात धावपट्टीकडे जाणं, रांगेत थांबणं धरलेलं असतं. पट्टा सोडायची खूण झाल्यापासून पुन्हा बांधायची सूचना येईपर्यंत जेमतेम अर्धा तास हाती लागतो. तेवढ्यात जेवण वाढायचं आणि ताटं उचलायची असतात. मूल चौथा घास घेतंय तोवर ट्रे परत मागायला येतात. देशांतर्गत उड्डाणात दारू दिली जात नाही, त्यामुळे मोठ्यांसाठीही खाण्यापिण्यातला फरक मर्यादितच. मुलांचं किंवा जैन जेवण हवं असेल तर किमान २४ तास आधी नोंदवावं लागतं, आयत्या वेळी मिळत नाही.

खुर्चीचं गणित कुटुंबासाठी उलटंसुलटं आहे. पुढे दोन–दोन अशी रचना असते आणि जागांची अक्षरं ए, सी, डी, एफ. चौघांचं कुटुंब एका रांगेत बसतं, मधे फक्त वाट. तिघे असतील तर एकाच्या शेजारी अनोळखी माणूस येतोच, इकॉनॉमीत मात्र तिघांची सलग रांग मिळते. पुढे दोन खुर्च्यांमधला हात जाड आणि पक्का असतो, ट्रे बऱ्याचदा त्याच्याच पोटात असतो. तो हात वर होत नाही. म्हणजे झोपेला आलेलं चार वर्षांचं मूल आईच्या मांडीवर डोकं टेकून आडवं होऊ शकत नाही. इकॉनॉमीत मधले हात वर करून तीन जागांचा बाक करता येतो. बाळ मांडीवर असेल तर खुर्चीच्या हातातून बाहेर येणारा ट्रे नीट उघडतही नाही. पहिल्या रांगेत समोर भिंत असते, त्यामुळे उड्डाण आणि उतरताना दुधाची बाटली, लंगोट, पुसायचे कागद असलेली पिशवी पायाशी ठेवता येत नाही, वरच्या कप्प्यात टाकावी लागते. शक्य असेल तर दुसरी रांग घ्या.

जमेच्या बाजूही खऱ्या आहेत. इकॉनॉमीत रांगांमधलं अंतर साधारण २८ ते ३० इंच, बिझनेसमध्ये ३८ ते ४०. लहान मुलाचे पाय पुढच्या खुर्चीला पोचतच नाहीत, त्यामुळे लाथा मारण्यावरून पुढच्या प्रवाशाशी होणारी कटकट टळते. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे पुढचं स्वच्छतागृह. इकॉनॉमीत खाण्याची गाडी वाटेत आडवी असते, स्वच्छतागृह तिच्या पलीकडे आणि पाच वर्षांच्या मुलाला नेमकी तेव्हाच घाई. पुढे आठ-बारा प्रवाशांमागे एक स्वच्छतागृह असतं आणि ते दोन पावलांवर.

जुळी असतील तर एक गोष्ट विचारून घ्या. इकॉनॉमीत तीन जागांच्या वर प्राणवायूचे चार मुखवटे असतात, म्हणून एका बाजूच्या रांगेत मांडीवरचं एकच बाळ बसवतात. आईबाबांना वाटेच्या दोन बाजूंना बसावं लागतं.

जमिनीवरचे फायदे कागदावर मोठे दिसतात. वेगळा काउंटर, आधी चढणं, सामानाला प्राधान्याची पट्टी, लाउंज. पण लाउंज वापरायचं तर विमानतळावर तासभर लवकर जायला हवं, आणि लहान मुलांसोबत तो तास आराम ठरत नाही. लाउंज सगळ्याच पुढच्या वर्गांच्या भाड्यात नसतं, तिकिटावर बघून घ्या. आधी चढण्याचा तर मुलांना तोटाच होतो, बंद विमानात अर्धा तास जास्त बसावं लागतं. एकाने पिशव्या घेऊन आधी चढावं, दुसऱ्याने मुलांना शेवटपर्यंत बाहेर खेळवावं. सामान इकॉनॉमीत माणशी १५ किलो म्हणजे चौघांचे ६० किलो, गोव्यासाठी पुष्कळ झालं. बिझनेसमध्ये माणशी २५ ते ३५ किलो मिळतं, ते लग्नाला निघालात तरच उपयोगी.

एकत्र बसता यावं म्हणून वरचा वर्ग घ्यायची तर गरजच नाही. एप्रिल २०२४मध्ये डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) दिलेल्या निर्देशानुसार बारा वर्षांखालच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आईबाबांपैकी किंवा पालकांपैकी एकाशेजारी तरी जागा द्यावीच लागते. अट एकच, सगळ्यांचं तिकीट एका पीएनआरवर हवं. मुलांसोबतच्या गोवा सहलीसाठी आमचं मत स्पष्ट आहे: इकॉनॉमीच घ्या, हवं तर पुढच्या रांगांतल्या जागांचे जादा पैसे भरा आणि उरलेले पैसे तिथे चांगल्या खोलीवर घाला.

दिल्लीच्या सव्वादोन तासांत चित्र बदलतं. जेवण निवांत होतं, पाठ मागे टेकते, गुडघे मोकळे राहतात. सोबत गुडघेदुखी असलेले आजी-आजोबा असतील तर त्या दोघांपुरता बिझनेस घेणं हा आम्हाला सर्वांत शहाणपणाचा खर्च वाटतो. व्हीलचेअरसाठी मात्र वरचा वर्ग लागत नाही, ती कोणत्याही तिकिटावर मागता येते, आधी नोंदवा. आजी-आजोबांचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर निघणार असेल तर दोन्ही क्रमांक एकमेकांशी जोडून घ्यायला विमान कंपनीला सांगा. नाहीतर उड्डाण रद्द झाल्यावर एक जोडी सकाळच्या विमानात आणि दुसरी रात्रीच्या, असं होतं. नातवंडांनी पडद्याच्या पुढे-मागे ये-जा करणं कर्मचारी चालू देत नाहीत, हे मुलांना निघण्याआधीच समजावून ठेवावं.

इकॉनॉमीचं तिकीट काढून, मोकळ्या राहिलेल्या बिझनेसच्या जागेसाठी विमान कंपनीकडे जादा रकमेची बोली लावून वरचा वर्ग मिळवायचा विचार असेल तर बोली माणशी असते आणि सहसा पीएनआरवरच्या सगळ्यांना लागू होते. आठ जागांच्या कक्षात चार मोकळ्या सापडणं कठीण. दोघांसाठी जमतं, चौघांसाठी त्या भरवशावर राहू नका.

शेवटची अडचण विमान बदलण्याची. आयत्या वेळी बिझनेस नसलेलं विमान लावलं की तुम्हाला मागे बसवतात. फेब्रुवारी २०२३पासूनच्या नियमानुसार देशांतर्गत प्रवासात अशा वेळी करांसह तिकिटाच्या रकमेच्या ७५ टक्के परत द्यावे लागतात. काउंटरवर तोंडी आश्वासनावर थांबू नका. वर्ग खाली आणल्याचं लेखी किंवा ईमेलवर घ्या, जुन्या नि नव्या दोन्ही बोर्डिंग पासांचे फोटो काढा आणि मगच सुरक्षा तपासणीकडे जा.