आत्मबोध अभ्यासवर्ग, फोंडा: शब्द मन लावून शिकवतात, श्लोकांना वेळ पुरत नाही

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात एका देवळाच्या सभागृहात दर शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते सात हा वर्ग भरतो. बारा शनिवार, शुल्क ५०० रुपये, त्यातच छापील टिपणवही. ग्रंथ एकच: आद्य शंकराचार्यांच्या नावे परंपरेने चालत आलेलं ६८ श्लोकांचं ‘आत्मबोध’ हे प्रकरण, म्हणजे वेदान्ताची ओळख करून देणारा छोटा ग्रंथ. संस्कृत येत नसलं तरी अडत नाही; पदच्छेद (शब्द सुटे करणं) आणि अन्वय (ते अर्थाच्या क्रमाने लावणं) फळ्यावर लिहून देतात.

पहिले तीन शनिवार श्लोकाला हात लावत नाहीत, फक्त शब्द घेतात. या वर्गाचं खरं मोल तिथेच आहे. आत्मज्ञानाच्या विषयात मराठी वाचक अडखळतो तो रोजच्या ओळखीच्या शब्दांवर. अहंकार म्हटलं की गर्व डोळ्यांपुढे येतो. वेदान्तात मात्र ती अंतःकरणाची एक वृत्ती आहे. मन संकल्प-विकल्प करतं, बुद्धी निश्चय करते, चित्त चिंतन करतं, आणि या सगळ्यावर ‘हे मी केलं’ असा हक्क सांगतो तो अहंकार. अत्यंत नम्र माणसातही तो असतो. हा फरक कळला नाही, तर ‘अहंकार गेला पाहिजे’ या वाक्यातून ‘नम्रपणे वागा’ एवढाच बोध निघतो आणि पुढचा सगळा ग्रंथ नीतिपाठ वाटू लागतो.

‘आत्म’ या पदाची फोड तर फारच चांगली केली आहे. आत्मचरित्र, आत्मविश्वास, आत्मपरीक्षण यांत ‘आत्म’ म्हणजे नुसतं ‘स्वतः’. आत्मज्ञानात तोच अर्थ लावला, तर ‘माझा स्वभाव मला कळणं’ एवढंच हाती राहतं. शिवाय ‘आत्मज्ञान’ हा षष्ठी तत्पुरुष समास: आत्म्याचं ज्ञान. घटाचं ज्ञान म्हणताना घट समोर असतो आणि जाणणारा वेगळा असतो. इथे जाणणाराच आत्मा आहे, त्याला समोर ठेवणार कसं? म्हणून ग्रंथात दिव्याचा दाखला येतो: घट दिसायला दिवा लागतो, दिवा दिसायला दुसरा दिवा लागत नाही. संतकवी सोहिरोबानाथ आंबिये यांच्या पदातला ‘अंतरीचा ज्ञानदिवा’ गोव्यात भजनी मंडळांच्या तोंडी असतोच. तो दाखला इथे जोडून दिल्यामुळे श्लोक चटकन उलगडतो.

सोळावा श्लोक या वर्गात ऐकावाच. तांदळाला तूस असतं, तसे आत्म्याला अन्नमयापासून आनंदमयापर्यंतचे पाच कोश, म्हणजे आवरणं. युक्तीच्या, म्हणजे तर्काच्या, कांडपाने आतला शुद्ध दाणा वेगळा करायचा. ‘विवेक’ शब्दातला ‘विच्’ धातू वेगळं करणं हाच अर्थ सांगतो, सारासार विचार हा त्याचा पुढचा विस्तार. शिकवणारे त्याला उकड्या तांदळाची जोड देतात. भात उकडून वाळवलं की कांडताना दाणा कमी मोडतो, कच्च्या भाताच्या कण्या जास्त होतात. उकडणं श्लोकात नाही, हे ते स्वच्छ सांगतात. पण ग्रंथाचा पहिलाच श्लोक शांत, वीतराग (आसक्ती सुटलेला), मुमुक्षू (मोक्षाची इच्छा असलेला) अशा तयार माणसासाठी हे लिहिलं आहे असं म्हणतो, त्यामुळे जोड ओढूनताणून आणलेली वाटत नाही. सातव्या श्लोकातल्या शिंपल्यावर भासणाऱ्या चांदीसाठी जुन्या गोमंतकीय घरांच्या शिंपल्यांच्या तावदानांचं उदाहरण येतं, तेही नेमकं बसतं.

पाचव्या श्लोकातली कतकाची पूड म्हणजे आपली निवळी. गढूळ पाण्यात तिचं बी उगाळून घातलं की गाळ तळाशी बसतो आणि पूडही त्याच्याबरोबर बसते. अज्ञान घालवून ज्ञानाची वृत्तीही तशीच निवते. टिपणवहीत इथे फक्त ‘एक वनस्पती’ असं छापलं आहे. दृष्टान्ताचा जीवच त्यात गेला.

टिपणवहीत याहून मोठी चूक ‘अपरोक्ष’ शब्दाची आहे. त्यापुढे ‘प्रत्यक्ष’ एवढाच अर्थ दिला आहे. प्रत्यक्ष म्हणजे इंद्रियांसमोर आलेलं, परोक्ष म्हणजे इंद्रियांआड असलेलं. ‘मी आहे’ हे कळायला डोळा लागत नाही आणि अनुमानही लागत नाही. हे तिसऱ्या प्रकारचं कळणं सांगायलाच अपरोक्ष शब्द आहे. तो प्रत्यक्षात मिसळला की लोक डोळे मिटून प्रकाश शोधू लागतात.

शेवटच्या शनिवारी नेमकं तेच घडतं. अर्धा तास ध्यान घेतात आणि त्याला पत्रकात ‘आत्मसाक्षात्कार सत्र’ म्हटलं आहे. ध्यानाबद्दल तक्रार नाही, नावाबद्दल आहे. स्वयंपाकाला जसा अग्नी, तसं मोक्षाचं साक्षात साधन ज्ञान, असं दुसरा श्लोक म्हणतो. चव्वेचाळिसावा सांगतो की गळ्यातच असलेला दागिना हरवला समजून शोधावा, तशी ही ‘प्राप्ती’ आहे. हे दोन श्लोक शिकवल्यावर साक्षात्काराला ठरावीक वेळेचं सत्र लावणं शिकवण्याच्या विरुद्ध जातं.

मधल्या एका शनिवारी ‘स्वतःला ओळखा’ नावाची प्रश्नावली भरून घेतात: गुण, दोष, राग कशाने येतो. आत्मपरीक्षण म्हणून ती उपयोगी आहे, चित्तशुद्धीला मदतही होईल. पण तिच्यातली प्रत्येक नोंद दृश्यात, म्हणजे पाहिल्या जाणाऱ्यात मोडते, आणि ग्रंथ द्रष्ट्याबद्दल, म्हणजे पाहणाऱ्याबद्दल बोलतो. एवढं एक वाक्य त्या दिवशी सांगायला हवं. ते राहिल्यामुळे पहिल्या तीन शनिवारांचं काम निम्मं पुसलं जातं.

वेळेचा हिशेबही चुकला आहे. तीन शनिवार शब्दांना, चार पहिल्या सोळा श्लोकांना. उरलेले बावन्न श्लोक पाच शनिवारांत, म्हणजे बैठकीला दहाहून जास्त. तेही प्रश्नावली आणि ध्यानाचा वेळ न वजा करता. चाळिसाव्या श्लोकानंतर नुसतं वाचन होतं. सोळा शनिवार करून शुल्क वाढवलं तरी चालेल.

जाणार असाल तर वहीत तीन रकाने आखा: शब्द, बोलण्यातला अर्थ, ग्रंथातला अर्थ. टिपणवही दुसरा आणि तिसरा एकत्र करते, तिथेच घोळ होतो. घरी दासबोधाच्या पाचव्या दशकातले पाचवा आणि सहावा हे समास वाचून ठेवा. पाचव्यात ज्ञान म्हणून मिरवणाऱ्या नाना विद्यांची यादी आहे, सहाव्याच्या पहिल्याच ओवीत ‘पाहावें आपणासि आपण । या नांव ज्ञान’ अशी थेट व्याख्या. वर्गात तिचा उल्लेख नाही, तो व्हावा.

सभागृहाचं छप्पर पत्र्याचं आहे आणि ध्वनिवर्धक नाही. पावसाळ्यात पहिल्या दोन ओळींत बसलात तरच अन्वय ऐकू येईल, म्हणून सव्वापाचला पोचा.