प्रश्न थेट सगळ्यांना विचारायचा, की आधी दोघा-दोघांना जोडीत बोलू द्यायचं?

पहिल्यांदाच गटचर्चा घेणाऱ्या मैत्रिणीला हा पेच पडलाय.

वेळ म्हणशील तर थेट प्रश्न स्वस्त; जोड्यांना पाचेक मिनिटं जादा लागतात. तयारी सारखीच.

बोलतं कोण, इथे खरा फरक. थेट प्रश्नावर तेच दोघे-तिघे बोलतात, कारण प्रश्न विचारून आपण उत्तरासाठी थांबतच नाही. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांत मोजलं तेव्हा शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबत होते. ३ सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली, गप्प मुलंही बोलू लागली. जोडीत मात्र गप्प बसणं अवघडच. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही जोडीची रीत मला म्हणूनच फार आवडते.

प्रश्न मात्र नेमका हवा: ‘पटलं का?’ म्हटलं की माना डोलतात, ‘कुठे खटकलं?’ म्हटलं की माणसं बोलतात.

सात-आठ ओळखीची माणसं असतील तर थेट विचार आणि थांब. गट मोठा किंवा अनोळखी असेल तर आधी जोड्या कर.